घाटातलं गाऱ्हाणं

आमच्या गावात बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. देवापुढे उभं राहायचं, सगळ्यांच्या वतीने त्याच्याशी मोठ्याने बोलायचं, त्याच्याकडे काय मागायचं ते मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, हे काम पुरुषांचं. त्यातही मानकऱ्याचं. विधवा बाईने तर देवापुढे नारळसुद्धा ठेवायचा नसतो. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत. लिहिलेले असते तर मी शाळेत मुलांच्या वह्यांवर चालवते तशी त्यांच्यावर लाल शाई चालवली असती.

आमच्या गावचे मानकरी म्हणजे माझे बाबा. देवळात गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं. गावात कोणाचं लग्न असो, पेरणी असो, कोणी पहिल्यांदा नोकरीवर निघालेला असो, बाबा हात जोडून उभे राहायचे आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. घरीही फारसं वेगळं नव्हतं. बाबा बोलायचे, आम्ही व्हय म्हणायचो.

व्हय न म्हणणारी एकच बाई घरात होती, ती म्हणजे काकी. बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काका आंबोलीच्या घाटात रस्त्याच्या कामावर मुकादम होते. मी लहान असताना एका पावसाळ्यात रस्त्यावर आलेली दरड माणसं घेऊन बाजूला करत होते, तेव्हा वरून दुसरी आली. त्यांना गावात आणलं ते झाकूनच. काकीने ती जागा कधी पाहिली नव्हती. ‘बायलमाणसान थंय जावन काय करूचा?’ असं बाबा म्हणाले, आणि विषय संपला. म्हणजे बाबांच्या बाजूने संपला.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आमचा जिल्हा नुकताच रत्नागिरीपासून वेगळा झाला होता, आणि गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या अंगात त्यामुळे नवा उत्साह संचारला होता. भात घरात आलं की दर हिवाळ्यात ते एस.टी.ची लाल गाडी करारावर ठरवायचे आणि गावच्या लोकांना एका दिवसात जिल्हा दाखवून आणायचे. आधी धामापूरचा तलाव, मग सावंतवाडीचा राजवाडा, मग आंबोलीचा घाट चढून हिरण्यकेशीचा उगम, आणि दिवेलागणीला परत. गुरुजींचा हिरवट कोट, हातात छडी आणि गळ्यात शाळेतली शिट्टी. प्रत्येक ठिकाणी ते माणसांना रांगेत उभं करून इतिहास सांगत, आणि गाडीत चढल्यावर त्यावर प्रश्न विचारत. आजीच्या वयाच्या बायका शाळेतल्यासारख्या बोटं वर करत.

घाटाच्या मध्यावर एका वळणावर राखणदाराचा दगड आहे. शेंदूर लावलेला, वर पत्र्याचा तुकडा. घाटात जाणाऱ्या-येणाऱ्यांची राखण तो करतो अशी श्रद्धा. तिथे गाडी थांबवून नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि मगच वर जायचं, ही रीत. सहलीत हे काम गुरुजी करत. काकांवर दरड आली ती याच दगडापासून हाकेच्या अंतरावर.

काकी दरवर्षी सहलीला येते म्हणायची आणि दरवर्षी बाबा काही ना काही काढायचे. कधी गाय व्यालेली असायची, तर कधी घाटात गाडी लागून तिला त्रास होईल अशी काळजी वाटायची. त्या वर्षी मी नोकरीला लागले होते. मी सरळ गुरुजींकडे जाऊन दोघींची नावं दिली. बाबांनी मला अंगणात गाठलं. “जातंस तर जा,” ते म्हणाले. “पण त्या वळणार तिका गाडीतसून खाली उतरू देव नको. तिका आवरूची जबाबदारी तुजी.”

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली होती की नुसतीच, हे त्यांनी विचारलं नाही.

सकाळी काकी गाडीजवळ आली तेव्हा तिच्या कापडी पिशवीत घावण्यांचा डबा होता आणि त्याखाली शेंडी ठेवून स्वतः सोललेला नारळ. तिने लपवला वगैरे काही नव्हता. गाडी सुटायच्या आधीच तिने गुरुजींना सांगून टाकलं, “गुरुजी, औंदा राखणदाराकडे गाऱ्हाणा मी घालतलंय.”

गुरुजी हसले. “वैनी, तुमी आपला घाट बघा. देवाचा मी बघतंय.”

“देवाचा तुमी खूप वर्सां बघलास,” काकी म्हणाली आणि दारालगतच्या बाकावर जाऊन बसली. तिच्याकडे तोंड असलेल्या समोरच्या बाकावरच्या दोघी बायका उठून मागे गेल्या. शुभकामाला निघालेल्या गाडीत विधवेचं तोंड सारखं समोर नको म्हणून. मला इतका राग आला की मी त्यांच्या रिकाम्या जागेवर माझी पिशवी, पाण्याची कळशी आणि चपला अशा सगळ्या वस्तू पसरून ठेवल्या आणि दिवसभर ती जागा कोणाला दिली नाही.

धामापूरला गुरुजींनी आम्हाला तलावाच्या काठावर रांगेत उभं केलं. माणसांना इतिहास सांगताना ते पुस्तकी मराठी बोलत, आणि चिडले की मालवणीवर येत. भगवतीच्या देवळासमोर छडीने पाणी दाखवत ते म्हणाले, “पूर्वी लग्नकार्याला दागिने हवे असले की या तलावात परडीतून फुलं सोडत. दुसऱ्या दिवशी परडीत सोन्याचे दागिने मिळत. कार्य झालं की ते परत करायचे. एकाने केले नाहीत, तेव्हापासून देवीने देणं थांबवलं.”

“दिलेला परत मागून घेवची सवय देवांका जुनीच दिसता,” काकी म्हणाली. मोठ्याने नाही, पण रांग शांत होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. गुरुजींनी शिट्टी वाजवली.

सावंतवाडीला राजवाडा झाला. गंजिफाचे गोल पत्ते आणि लाकडी खेळणी रंगवणारे कारागीर झाले. कोणत्या राजाने काय केलं, कोणत्या राणीने काय राखलं, हे सगळं सांगून झालं. मोतीतलावाच्या कठड्यावर बसून आम्ही घावणे खाल्ले. काकीने नीट खाल्लं. मला वाटत होतं तिचं अन्नावरून मन उडालेलं असेल, पण तिने माझ्या डब्यातली चटणीसुद्धा संपवली. “भुकेल्या पोटान भांडाक जमना नाय,” ती मला म्हणाली.

घाटाच्या पायथ्याची दाणोली मागे पडली आणि गाडीने गिअर बदलला. मी घाट पहिल्यांदाच पाहत होते. एका बाजूला ओल्या काळ्या कातळाची भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, दरीत दाट झाडी आणि तिच्यावर ऊन. सुंदर होतं. मला ते सुंदर वाटलं याचाही मला राग आला. गुरुजी दांड्याला धरून उभे राहिले.

“हा घाट गोऱ्या साहेबाने बांधला,” ते सांगू लागले. “वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावला न्यायचा होता. साहेबाची दृष्टी पहा. आज इतकी वर्षं झाली, रस्ता जसाच्या तसा आहे.”

“जसोच्या तसो?” काकी बसल्या जागेवरून म्हणाली. “आणि दरवर्सा दरड पडता, ती कोण काढता? सायेब?”

गाडीत कोणीतरी हसलं, मग हसू दाबलं गेलं. गुरुजींनी पुढचं वाक्य गिळलं आणि खाली बसले. काकांचं मरण त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गाडीला ठाऊक होतं. इतिहासात ते धरायचं नव्हतं, एवढंच.

वळण आलं. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. काकीला माझे गुडघे ओलांडावे लागले नाहीत. मी आधीच उठून तिला वाट करून दिली होती. गुरुजी मागच्या बाकावर आपला नारळ शोधत होते तोवर ती खाली उतरून दगडापाशी पोचली. मी तिच्या मागे. तिने एकदा कातळाच्या भिंतीकडे वर पाहिलं, जिथे अजून झाड रुजलेलं नव्हतं तो दरडीचा उघडा पट्टा पाहिला, नारळ दगडापुढे ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुज्या पायाकडे इली आसत.”

आणि थांबली. व्हय म्हणायला जागा सोडून थांबली.

मी एकटीच म्हणाले, “व्हय म्हाराजा.” माझा आवाज दरीत कुठेच पोचला नाही. काकी थांबून राहिली. गुरुजी हातात नारळ घेऊन धावत आले. “वैनी, ह्या बरा नाय. सरा बाजूक. मी परत सुरवातीपासून घालतंय.”

तेव्हा खिडकीतून ड्रायव्हर बोलला. त्याला काकीचा पुळका नव्हता. त्याला फक्त घाट सुखरूप चढायचा होता. “गुरुजी, गाऱ्हाणा एकदा सुरू झाला की ज्येना सुरू केला त्येनाच पुरा करूक व्हया. मधी दुसऱ्यान तोंड घालूचा नाय. आणि अर्ध्या गाऱ्हाण्यार मी गाडी वर काढूचंय नाय.”

यात त्याचं काही चुकलं नव्हतं. रीतच तशी आहे. देवाला हाक मारली आणि अर्ध्यावर सोडली, तर हाक न मारल्यापेक्षा वाईट. आणि जमलेल्यांनी व्हय म्हटलं नाही तर ते गाऱ्हाणं तिथल्या प्रत्येकाच्या डोक्यावर टांगलेलं राहतं. पुरुषांनी शतकानुशतकं आपल्या सोयीने घट्ट विणलेली ही जाळी होती आणि गुरुजी आज स्वतःच तीत सापडले होते. मला इतकं समाधान वाटलं की आजही ते आठवून वाटतं.

गुरुजींनी गाडीकडे पाहिलं. खिडक्या-खिडक्यांतून बायका त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांनी आपला नारळ काखेत धरला, हात जोडले आणि दात आवळून म्हणाले, “व्हय म्हाराजा.” त्यांच्या पाठोपाठ सगळी गाडी म्हणाली. दोघी मागे सरकलेल्याही म्हणाल्या. घाट त्यांनाही चढायचा होता.

मग काकी बोलली. मी बाबांची गाऱ्हाणी लहानपणापासून ऐकत आले. त्यात मागणी असते, लाचारी असते, थोडी खुशामत असते. हिच्या बोलण्यात खुशामत अजिबात नव्हती.

“माजो घोव हयसर रस्तो मोकळो करी होतो. लोकांच्या गाडये सुखरूप जावचे म्हणान.”

“व्हय म्हाराजा.”

“तू हयचो राखणदार. राखण करूचा काम तुजा होता.”

इथे गुरुजी अडखळले. ड्रायव्हर खोकला. “व्हय म्हाराजा,” गुरुजी म्हणाले.

“ती तुका जमली नाय.”

खालून एक ट्रक कण्हत चढत आला आणि निघून गेला. काकी हात जोडून तशीच उभी. शेवटी गाडीतली एक म्हातारी ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली, आणि मग सगळे म्हणाले.

प्रत्येक गाऱ्हाण्याच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. आमच्याकडून काय चुकलं-माकलं असेल तर ते पदरात घे. बाबा तिथे आवाज खाली आणतात. काकीने आवाज खाली आणला नाही.

“तुज्याकडसून चुकला, ता मी इतकी वर्सां पदरात घेतलंय, म्हाराजा. आता ह्येंका तरी सुखरूप वर ने आणि सुखरूप घराक पोचव.”

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण गाऱ्हाणं पुरं व्हायला शेवटचं व्हय हवंच होतं. त्यांनी ते म्हटलं. मनापासून म्हटलं की घाट चढायचा होता म्हणून म्हटलं, मला ठाऊक नाही आणि त्याची मला पर्वाही नाही. म्हटलं. काकीने नारळ दगडावर फोडला, एक शकल देवाला ठेवलं आणि दुसरं फोडून गाडीत प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवत गेली. विधवेच्या हातचा प्रसाद नको म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही. आपणच व्हय म्हटलेल्या गाऱ्हाण्याचा प्रसाद नाकारायचा तरी कसा?

हिरण्यकेशीला गुरुजींनी इतिहास थोडक्यात आटोपला. गुहेतून येणाऱ्या थंडगार पाण्यात काकीने पाय सोडले आणि मला म्हणाली, “बरा आसा गो हयसर.” बस्स, इतकंच.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा ओटीवर बसले होते. काकी सरळ आत चुलीकडे गेली. मी पदराच्या गाठीतला खोबऱ्याचा तुकडा काढून बाबांच्या हातावर ठेवला.

“राखणदाराचो प्रसाद.”

“गाऱ्हाणा कोणी घातल्यान?”

“काकीन.”

ते ओरडतील म्हणून मी तयारच होते. दिवसभर जमवलेली उत्तरं माझ्या जिभेवर होती. पण बाबा तुकड्याकडे पाहत राहिले. काकांना आणायला दुसरी माणसं गेली होती. बाबा कधी त्या वळणावर गेले नव्हते, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. बायलमाणसान थंय जावन काय करूचा, असं त्यांनी म्हटलं होतं. भावाने तिथे जाऊन काय करायचं असतं, हे त्यांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

“काय म्हणाली ती?” त्यांनी विचारलं.

मी एकही शब्द गाळला नाही. राखण तुला जमली नाही, हेही सांगितलं. तुझं चुकलं ते मी पदरात घेतलंय, हेही सांगितलं. आतून चुलीत लाकूड सारल्याचा आवाज येत होता. काकीला सगळं ऐकू जात होतं.

आयुष्यभर दुसऱ्यांकडून व्हय ऐकत आलेल्या त्या माणसाने खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावला.

“व्हय म्हाराजा,” बाबा म्हणाले, आणि तो तोंडात टाकला.