खाली म्हणजे कुठं

दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. नाव दत्तोबाचं दिसत होतं, आवाज मात्र परका होता. "मास्तर बोलताय का? आमी उजनीच्या काठावरनं बोलतोय. ह्यो फोन ज्यांचा हाय, त्ये हितं गाळात घावलं... तुमचं नाव वर दिसलं म्हणून लावला." बोलणारा मासेमारी करणारा कुणी होता. पुढं तो काय म्हणाला ते मला आठवत नाही. दिवसभर लोकांच्या मोबाइलची कुलपं उघडून देणाऱ्या दत्तोबानं स्वतःच्या फोनला कधी कुलूप घातलं नव्हतं, म्हणून मला कळलं तरी.

दीड महिना झाला त्याला. बारामतीत मी राहतो त्या इमारतीत वर माझं घर आणि बरोबर खाली त्याचं दुरुस्तीचं दुकान. रेडिओ, टेप, मिक्सर आणि पुढं मोबाइल. मी शाळेत इतिहास शिकवला, पण जुन्या वस्तूला हात लावून बघायचं वेड लावलं ते दत्तोबानं. वडगाव निंबाळकरहून एक टेपरेकॉर्डर आला होता. आतल्या कॅसेटवर लग्नाचा बँड भरलेला. बँड संपल्यावर दत्तोबानं ती तशीच चालू ठेवली, तर मागं कुणी म्हातारा खोकत खोकत म्हशीला हाका मारत होता. त्यानं त्या घरच्यांना बोलावून घेतलं. म्हातारा जाऊन वीस वर्षं झालेली. त्याची सून दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत राहिली आणि मिक्सर घ्यायला आलेली गिऱ्हाइकं रस्त्यातच थांबली. कऱ्हाटीकडच्या एका घरात उलटं चालणारं घड्याळ आहे असं कुणीतरी सांगितलं, तर मला एसटीत घालून तिकडं घेऊन गेला. घड्याळ बंदच होतं. मागची फळी काढली तर आत चिमणीचं घरटं. माझा अख्खा दिवस वाया गेला म्हणून मी कुरकुरत होतो, आणि हा पठ्ठ्या परतीच्या वाटेवर एकटाच हसत होता.

पण त्याचं खरं वेड एकच होतं, कर्णा. इंदापूर तालुक्यातलं त्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. चावडीवर ग्रामपंचायतीचा रेडिओ होता, छपरावर त्याचा पत्र्याचा कर्णा, आणि रोज संध्याकाळी रेडिओ लावायचं काम त्याच्या वडलांचं. पाणी चढलं त्या गडबडीत रेडिओ काढला, कर्णा राहिला. "आबा मरस्तवर म्हणायचं, कर्णा राहिला रं," दत्तोबा सांगायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडतात. त्या गावाला ही माणसं नाव घेत नाहीत. नव्या गावठाणाला गाव म्हणतात आणि बुडालेल्याला नुसतं 'खाली'. आई खाली नांदायला आली, आबांचा जन्म खालचा. तीस वर्षं मी हे ऐकत आलोय.

दर उन्हाळ्यात आम्ही दोघं तो कर्णा शोधायला खाली जायचो. गाळ वरून वाळून तडकलेला असतो, आतून लोण्यासारखा. म्हणून दत्तोबा कमरेला दोर बांधायचा, हातात बांबू घेऊन चाचपत पुढं सरकायचा, आणि दोराचं दुसरं टोक धरून मी टणक जमिनीवर उभा राहायचो. "मास्तर, डुलकी काढू नका, म्हशीगत वढायला लागंल मला," असं दर वेळी ओरडायचा. दोनदा मी त्याला खरंच ओढून काढलाय. हात सोलवटले म्हणून मी त्याला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "मास्तर, खाली चाललोय. येताय का?"

मला वाटलं, माझ्या घराखाली, दुकानात चाललाय, चहाला बोलावतोय. म्हटलं, "तू हो पुढं, आलोच."

फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला आणि पेपर वाचत बसलो. तासाभरानं जिना उतरलो तर शटर बंद. पार्ट आणायला गेला असेल, बोलावून स्वतःच गायब, असं पुटपुटत वर आलो, जेवलो, आडवा झालो. मासेमाराचा फोन ठेवल्यावर त्याच पडद्यावर दत्तोबाचा साडेअकराचा निरोप दिसला. एक फोटो, गाळातून वर आलेली पत्र्याची वाकडी कड. खाली लिहिलं होतं, "कर्णा घावला. एकट्यानं निघत न्हाय. तुमी कुठवर आला?"

छातीपर्यंत रुतला होता तो. ऊन डोक्यावर, हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर. कमरेला दोर बांधलेला होता. दुसरं टोक काठावर, मी उभा राहतो त्या जागी, दगडाखाली ठेवलेलं.

त्यानं माझी वाट बघितली, आणि मग त्याला धीर धरवला नाही. लोक म्हणतात, तुमची काय चूक? चूक माझीच आहे. तीस वर्षं तो शब्द कानावर पडत होता, आणि एका दिवशी, नेमका त्याच दिवशी, मला त्याचा एकच अर्थ सुचला.

आता धरणात पाणी चढलंय, कर्णा पुन्हा आत गेला. परवा त्याच्या बायकोनं दुकान उघडलं तेव्हा मी उतरलो. तो दोर तिनं धुऊन खुंटीला अडकवला होता. मी हात लावला. माझ्याकडच्या टोकाला वीतभर लांब काळी टेप गुंडाळलेली होती, वायरिंगची, नवीकोरी, एकावर एक घट्ट.

"आदल्या दिशी निम्मी दुपार त्येच करत हुतं," ती म्हणाली. "मी म्हणलं, ह्ये कशाला? तर म्हणलं, मास्तरांच्या हाताला काचतंय."