देवीचा गूळ आणि थांबलेला स्कॅन

आईच्या स्वादुपिंडातल्या गाठीचा तुकडा तपासून कॅन्सर पक्का झाला, तेव्हापासून माझे हात देवीपुढे जोडले जात होते, पण मन काही जागेवर राहत नव्हतं. यकृतावरही एक ठिपका दिसला होता. डॉक्टर म्हणाले, "पेट स्कॅन करू. आजार तिथवर गेला असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही. नसेल तर लगेच करू." त्या ठिपक्यावर आमचं घर अडकून पडलं. मानकोलीच्या गोदामात ड्युटीवर असले तरी मी मनातल्या मनात देवीशी भांडायची. घरातली मी पहिली पदवीधर; सगळं वाचून, समजून घेतलं की सगळं हातात येतं, असा माझा समज होता.

स्कॅनच्या आधी साखरेसारखं एक औषध शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी ते अधाशासारखं ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. म्हणून उपाशी जायचं, रक्तातली साखर आटोक्यात हवी. आईला मधुमेह. मी आदल्या दिवसापासून तिच्यावर पाळत ठेवली होती.

तरी स्कॅनच्या दिवशी सेंटरवर बोटातून रक्त काढलं, तर साखर भलतीच वाढलेली.

"आई, काही खाल्लंस का?"

"न्हाय गो. पानी पिलू फक्त."

"आणि निघताना देवळात?"

"त्यो देवीचा गूळ. चांगला मूठभर दिला पुजाऱ्यानं. त्यो काय खाना हाय का? परसाद हाय."

आमच्या खारबावात गावदेवीचा गूळ तोंडात घातल्याशिवाय कुणी मोठ्या कामाला घराबाहेर पडत नाही. आई खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी प्रसाद म्हणजे खाणं नव्हतंच. मला मात्र रडू फुटलं. जिच्याकडे धावले, तिनेच वाट अडवली असं वाटलं.

तिथल्या सिस्टर म्हणाल्या, इन्सुलिन देऊन साखर उतरवली तर चित्र बिघडतं. औषधही रोज मोजकंच येतं आणि त्याचा जोर तासागणिक उतरत जातो. शेवटच्या पेशंटने आईच्या जागी आधी जायची तयारी दाखवली, तर तोवर साखर उतरते का बघू. नाहीतर पुढची तारीख.

शेवटचा नंबर एका चाचांचा होता. भिवंडीत कापडाच्या लूमवर उभं आयुष्य गेलेलं. मघाशीच ते मला म्हणाले होते, "बेटा शिफ्ट छूटने पर आएगा. उसके बिना अंदर जाने में डर लगता है." त्यांना विचारायची माझी हिंमत होईना. त्यांनीच सगळं ऐकलं होतं.

"मैं चला जाता हूँ, बेटी. अम्मा को पानी पिलाओ." मग आईकडे वळून हसले, "और अम्मा, अब मीठा बंद!"

आई लाजून म्हणाली, "देवीलाच सांगा."

ते एकटेच आत गेले. दार लागलं. मी येरझारा घालत राहिले, आईला पाणी देत राहिले, घड्याळाकडे बघत राहिले. शेवटी आईनेच दटावलं, "बस आता. तुझ्या फेऱ्यांनी साखर उतरनार न्हाय." मी बसले. काय मागायचं तेही सुचेना. पहिल्यांदाच काही न मागता डोळे मिटले.

पुन्हा रक्त तपासलं, तर साखर उतरली होती. इंजेक्शननंतर हलायचं नाही, बोलायचं नाही, असं सांगून आईला आत नेलं. कधी स्वस्थ न बसणारी माझी आई तिथे निमूट पडून राहिली.

रिपोर्टमध्ये फक्त स्वादुपिंडातली गाठ उजळली होती. "एकट्या पेट स्कॅनवर सगळं ठरत नाही," असं डॉक्टरांनी बजावलं. यकृताचा एमआरआय झाला, तोही स्वच्छ आला आणि ऑपरेशन झालं. पुढचे उपचार अजून चालू आहेत. कशाची हमी कुणीच देत नाही, आणि मीही आता देवीकडे ती मागत नाही.

चाचा मला पुन्हा भेटले नाहीत. गडबडीत त्यांचं नावही विचारायचं राहिलं. आमचा रिपोर्ट चांगला आला. त्यांचा कसा आला, ठाऊक नाही. ही रुखरुख जात नाही. पण त्या दिवशी देवीने वाट अडवली नव्हती, तिने त्या माणसाला वाटेत उभं केलं होतं, एवढं मला उमगलं.

आता तपासणीला निघताना आई गूळ पदराच्या गाठीला बांधते आणि काम झाल्यावरच सोडते. मी देवळात हात पुढे करते तेव्हा पुजारी एक खडा ठेवतात. मी हात तसाच धरून ठेवते.

"आणखी कुणासाठी गो?" ते विचारतात.

"आमचे एक चाचा आहेत," मी सांगते.