शेवटच्या घराचं व्होल्टेज

वीज खात्यात तारांवर काम करण्यात माझी हयात गेली. हाताखालच्या लोकांना माझा एकच दंडक होता: गल्लीत काहीही दुरुस्ती करा, पण शेवटच्या घरात जाऊन व्होल्टेज मोजल्याशिवाय निघायचं नाही. तिथे बल्ब मिणमिणताना दिसला की मी त्यांची बिनपाण्याने करायचो.

निवृत्तीनंतर पिंप्राळ्यातल्या घरावर सोलर बसवलं. गल्लीत आणखी पाच-सहा जणांनी बसवलं. थंडीत कूलर बंद, ऊन मात्र लख्ख. दुपारी सगळ्यांची वीज तारेत शिरायची, ती वापरायला कोणी नसायचं आणि व्होल्टेज चढायचं. ठरलेली मर्यादा ओलांडली की सोलरची वीज तारेत सोडणारा माझा इन्व्हर्टर आपोआप बंद व्हायचा. ती मर्यादा असते त्यासाठीच. पण फुकट जाणारं ऊन मला बघवेना. बसवणाऱ्याच्या मागे लागून मी ती मर्यादा वाढवून घेतली. शेवटच्या घरी मात्र गेलो नाही. म्हणे तीस वर्षांचा अनुभव!

आठवड्याने शेजारच्या अक्कांनी बोलावलं. गल्लीतलं शेवटचं घर त्यांचंच. फुप्फुसं निकामी होत आलेली, त्यामुळे हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनवर त्यांचा दिवस निघायचा.

"भाऊ, मशीन सकायले चालस, दुपारले बंद पडस," त्या म्हणाल्या. एवढं बोलतानाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. मशीन दुरुस्त करणारा येऊन गेला होता, पण तो सकाळी आला आणि त्याला काही दोष सापडला नाही.

मी त्यांच्या प्लगमध्ये मीटर लावला. दोनशे तीसच्या जागी दोनशे अडुसष्ट. एवढ्या व्होल्टेजला मशीन बंद पडणारच. तसाच घरी धावलो, सोलरचा स्विच पाडला आणि परत आलो. मशीन सुरू झालं होतं. अक्का नाकाला नळी लावून डोळे मिटून बसल्या होत्या.

खोटं बोलणं सोपं होतं. खात्याकडूनच जास्त व्होल्टेज येतंय म्हटलं असतं, तरी त्यांनी मान डोलावली असती. मला स्वतःची किळस आली.

"अक्का, दोष मशीनचा नाही, माझा आहे," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. ती मर्यादा आजच खाली आणतो, तोवर सोलर बंदच राहील, असंही म्हणालो.

बोलण्यापुरता दम जमला तेव्हा अक्कांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

"मंग आते तुमनं नुकसान व्हई ना, भाऊ?"