शाबूत कुलपाची गोष्ट

चोरांवर इतका जीव असलेला पोलीस आमच्या घरमालकांशिवाय दुसरा या पृथ्वीतलावर झाला नसेल. लोक निवृत्तीनंतर देवाधर्माला लागतात, नातवंडं खेळवतात, निदान बायकोशी दोन शब्द धड बोलतात. आमचे घरमालक हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि ज्यांना त्यांनी आयुष्यभर आत टाकलं त्यांच्या आठवणी काढत ओट्यावर बसले. जळगावच्या त्या गल्लीत त्यांना सगळे आबा म्हणत. 'सध्या कुठं असेल हो तो?' असं ते एखाद्या दरोडेखोराबद्दल अशा आवाजात विचारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचा चुलतभाऊ परदेशी गेलाय आणि त्याचं पत्र नाही.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पारोळ्याजवळच्या खेड्यातून आलेला, एका शाळेत प्रयोगशाळेचा सहायक म्हणून नुकताच लागलेला, नोकरी अजून कायम न झालेला. खोली बघायला गेलो तर आबांनी मला स्टुलावर बसवून माझा जबाब घेतला. नाव, गाव, व्यवसाय, डाव्या भुवईवरचा व्रण कशाचा, बैलाचा की भांडणाचा. मग शाईचा पॅड पुढं सरकवून म्हणाले, 'अंगठा.' मी जरा तोऱ्यात सांगितलं, की मी बी.एस्सी. आहे, सही करतो. त्यावर शांतपणे म्हणाले, 'शिकलेल्याची सही बदलते. अंगठा बदलत नाही.' पदवीधर माणसाचा उमटलेला तो ठसा पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या ट्रंकेत पडून होता.

पंचनामा हा त्यांचा श्वास होता. एकदा घरातलं दूध मांजरानं प्यायलं. मांजर समोरच बसून मिशा चाटत होतं. तरी आबांनी मला आणि शेजारच्या शिंप्याला पंच म्हणून बोलावलं, कागद घेतला आणि तोंडानं म्हणत लिहू लागले, 'घटनास्थळाच्या पूर्वेस चूल, पश्चिमेस मोरी, उत्तरेस फिर्यादीची पत्नी.' उत्तरेस असलेल्या अक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, 'पंचनामा व्हई गया व्हई ते आते जेवाले बठा.' आम्ही दोघांनी सह्या केल्या. न करून सांगतो कुणाला? जेवण आमचंही तिथंच होतं.

आणि संध्याकाळी गोष्टी. गल्लीत तेव्हा एकाच घरी टीव्ही होता. तिथं मुंग्या दिसत असल्या की गर्दी आबांच्या ओट्यावर यायची, आणि मुंग्या दिसत नसल्या तरी निम्मी गर्दी इथंच असायची. कारण दर शनिवारी पारोळ्याहून त्यांचा एक जोडीदार येई. या गृहस्थांना आम्ही भाऊ म्हणत असू. सुकलेले, बारीक, कानात अत्तराचा बोळा. धंदा स्टोव्ह दुरुस्तीचा. पण त्याआधी वीसेक वर्षं ते घरफोड्या करत, आणि त्यांना तीनदा पकडलं होतं ते आबांनीच. सुटून आल्यावर त्यांना स्टोव्हच्या धंद्याला लावून देणारेही आबाच. गुन्ह्याची गोष्ट एकट्यानं सांगू नये असं आबांचं पक्कं मत होतं. 'अर्धी मला ठाऊक, अर्धी त्याला,' म्हणायचे. मग आबा भिंतीच्या बाहेरून गोष्ट सांगत आणि भाऊ भिंतीच्या आतून, आणि भिंतीपाशी दोघांची हमखास जुंपायची. आबा सांगत, की काळा कुत्रा भुंकला म्हणून मला संशय आला. भाऊ पान चघळत म्हणत, 'कुत्रं कायं नही, तांबडं व्हतं. माले चावनं, तुमले नही.' अमळनेरच्या एका घरात भाऊ शिरले ते चांदी न्यायला, पण स्वयंपाकघरात वांग्याच्या भरताचा वास आला. ते चांदी बाजूला ठेवून जेवायला बसले. एकदा बाहेर पडून पुन्हा भरतासाठी आत गेले आणि सापडले. आबा या अटकेचं श्रेय आपल्या नाकाबंदीला देत. भाऊंना ते कधीच मान्य झालं नाही. 'आबा, मी धराई गऊ ते तुमना हुशारीमुये नही, भरीतमुये.'

आबांच्या मुलीच्या लग्नात चपलांच्या राखणीला भाऊंनाच बसवलं होतं. पाहुण्यांनी नाकं मुरडली, व्याह्यांनी तर आपल्या चपला पिशवीत घालून मांडीवर ठेवल्या. लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं. एक जोड गेला नाही, उलट एक जास्त भरला. तो कुणाचा, याचा तपास आबांनी पुढं दोन महिने केला.

या सगळ्या गोष्टींत राजा होती ती फैजपूरची. केळीचा एक मोठा व्यापारी घरच्यांना घेऊन लग्नाला गेलेला, घराला कुलूप, किल्ली सालदाराकडे. म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतावर ठेवलेल्या गड्याकडे. परत येऊन बघतात तो कुलूप जागच्या जागी आणि आतली चांदीची भांडी गायब. मोठमोठे साहेब चक्रावले. आबांनी मात्र कुलूप हातात घेतलं, ओरखडासुद्धा नाही हे पाहिलं आणि सरळ सालदाराच्या खांद्यावर हात ठेवला. इथं ते थांबत. सुपारी कातरत. मग एकेक शब्द सुटा करून म्हणत, 'कुलूप शाबूत, म्हणजे चोर किल्लीचा.' सालदाराला वर्षाची शिक्षा झाली आणि आबांना बक्षिसाचं पत्रक मिळालं. ते काचेत बसवून भिंतीवर लावलेलं होतं. ही गोष्ट सुरू झाली की भाऊ उठून चुना आणायला जात. मला वाटे, त्यांचा काही वाटा नसलेली ही एकच गोष्ट, म्हणून पोटात दुखत असेल.

त्या गोष्टीला मान डोलावणाऱ्यांत आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही असत. ते त्याच गल्लीत राहायचे. आणि नेमकं दुसऱ्या वर्षी काय व्हावं? दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, मी प्रयोगशाळेतलं सागवानी कपाट उघडलं, तर दोन पितळी सूक्ष्मदर्शक गायब. कपाटाचं कुलूप मीच किल्लीनं उघडलेलं, ते चांगलं धडधाकट. किल्ली सुट्टीभर माझ्याच कमरेला. मीच धावत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं. ते आले, त्यांनी कुलूप हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'कुलूप शाबूत आहे. याचा अर्थ आबांनी आपल्याला शंभरदा सांगितलाय.' सोमवारपर्यंत राजीनामा द्या, नाहीतर पोलिसांत देतो, एवढं बोलून ते निघून गेले. नोकरी जाणार ती जाणार, वर चोर म्हणून गावी जायचं. माझ्या आईनं या नोकरीचे पेढे अख्ख्या गावात वाटले होते.

हा शुक्रवार. संध्याकाळी मी आबांकडे गेलो. मला वाटलं, धीर देतील. त्यांनी काय करावं? जबाब घेतला. किल्ली कुठं होती, सुट्टीत कुठं गेला होतास, कपाटाला शेवटचा हात कधी लावलास. सगळं लिहून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि फक्त 'बघू' म्हणाले. अक्कांनी ताट वाढलं. सूक्ष्मदर्शकात जिवाणू दाखवणारा मी, त्या दिवशी मला समोरची भाकरी दिसत नव्हती.

शनिवारी दुपारी भाऊ आले. त्यांना सगळं अक्कांनी सांगितलं. त्यांनी स्टोव्हच्या पिना आणि वायसरांची पिशवी खाली ठेवली, तोंडातलं पान थुंकून आले आणि म्हणाले, 'चला शायमा.' आम्ही तिघं निघालो. शाळा सुटली होती. मुख्याध्यापकांना बोलावून घेतलं, त्यांनी जरा नाखुशीनंच प्रयोगशाळा उघडली. भाऊंनी कुलपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते कपाटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उकिडवे बसले, जिथं दाराच्या बिजागऱ्या होत्या. 'कुलूप तठे शे म्हनीसन बठ्ठा तठेच देखतस,' म्हणजे सगळे कुलपाकडेच बघतात, असं पुटपुटत त्यांनी बिजागरीवरून बोट फिरवलं. बोटाला गोडंतेल लागलं. बिजागरीत एक लांब खिळा असतो. तो खालून ठोकला की वर निघतो, मग दार त्या बाजूनं उघडतं आणि कुलूप आपल्या जागी लटकत राहतं. माल काढायचा, खिळा परत घालायचा. तेल आवाज होऊ नये म्हणून. शेजारच्या कपाटाच्या खिळ्यांवर गंज चढलेला होता. आमच्या कपाटाच्या खिळ्यांची डोकी ठोकून लखलखीत झाली होती.

आबांनी ते वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भाऊंना विचारलं, 'तुले हाई कसं माहीत?'

भाऊ उकिडवेच बसलेले. मान वर न करता म्हणाले, 'फैजपूरले मी असंच करेल व्हतं. तठे मीच व्हतू, आबा. तो सालदार नही.'

आबांनी विचारलं, 'इतला वरीस का बोलना नही?' भाऊ म्हणाले, 'पहिले भेव वाटे. मंग तुमी ती गोष्ट इतली गोड सांगेत, की सांगानं र्‍हाईच गयं.'

मुख्याध्यापक घसा खाकरून म्हणाले, 'एका चोराच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आबा, तुम्ही सांगा. तुमचा शब्द मला पुरे आहे.' म्हणजे माझं सगळं आता आबांच्या एका वाक्यावर होतं. आणि ते वाक्य उच्चारायचं तर काचेतलं पत्रक, नोकरीतली सगळ्यात मोठी कामगिरी आणि ओट्यावरचा मान, सगळं त्यातच जाणार होतं. नुसतं 'सांगता येत नाही' म्हटलं असतं तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. ते स्टुलावर बसले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मुख्याध्यापकांना म्हणाले, 'किल्ली असलेल्या माणसाला बिजागरी कशाला काढावी लागेल, सर? हा पोरगा चोर नाही. आणि फैजपूरचाही नव्हता. तिथं मी चुकलो.' मग कागद मागून घेतला आणि पंचनामा लिहिला, पूर्व-पश्चिमेसकट. मुख्याध्यापक आणि शिपाई पंच. त्यांचं अक्षर एरवी मोत्यासारखं, पण त्या दिवशी शेवटच्या ओळी फार वाकड्या आल्या. मला मात्र तिथंच हुंदका फुटला, बी.एस्सी. असूनही.

पुढं महिन्याभरात कळलं, की सुट्टीत बाकं दुरुस्त करायला आलेल्या सुताराचं ते काम. एक सूक्ष्मदर्शक परत मिळाला, दुसरा नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावून चहा पाजला आणि पुढच्या जूनमध्ये मी कायम झालो.

पण त्याआधी, त्याच रविवारी, आबा आम्हा दोघांना घेऊन एस.टी.नं रावेरला गेले. तो सालदार तिथं मुलाकडे राहत असल्याचं त्यांनी रातोरात शोधून काढलं होतं. केळीचे घड भरलेल्या ट्रॉलीशेजारी एक म्हातारा खाटेवर बसला होता. आबांनी सगळं सांगितलं, उभ्यानं, टोपी हातात घेऊन. भाऊ पाया पडायला वाकले तर म्हाताऱ्यानं पाय वर ओढून घेतले. मग आबांना म्हणाला, 'मी त्याच दिवशी सांगलं व्हतं, जमादारसाहेब. दाराले तेल लागेल हाये, पाहा म्हनून. तुम्ही लिव्हलं नाही.' आबांनी पिशवीतून कागद काढला आणि तिथंच, ट्रॉलीच्या फळीवर ठेवून, त्याचा जबाब लिहून घेतला, वीस वर्षं उशिरानं. म्हाताऱ्यानं माफ केलं असं काही म्हटलं नाही. चहा मात्र सुनेला टाकायला सांगितला.

त्यानंतर आबा फैजपूरची गोष्ट सांगायचे थांबले असतील असं कुणालाही वाटेल. ते दर शनिवारी सांगू लागले, खऱ्या शेवटासकट. भाऊ आता चुना आणायला उठत नसत. बिजागरी कशी काढली ते सांगत आणि आबा आपण काय पाहिलं नाही ते सांगत. लोकांना ही गोष्ट आवडेना. चुकलेला पोलीस ऐकायला कोण येतो? हळूहळू ओटा रिकामा झाला, एकेक जण टीव्हीकडे गेला. मुख्याध्यापकही गेले. अक्का, मी आणि कधी शिंपी, एवढेच ऐकायला उरलो. आबांचा आवाज तसाच खणखणीत, जणू समोर शंभर माणसं बसलीत.

मी त्याच शाळेतून, त्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. माझं लग्न, मुलांची शिक्षणं, गावात आईनं ताठ मानेनं काढलेली शेवटची वर्षं, हे सगळं त्या स्टुलावर बसून बोललेल्या दोन वाक्यांवर उभं आहे. आबा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो. इतकी वर्षं राहून गेलं होतं, म्हणून मुद्दाम पाया पडलो आणि म्हणालो, 'आबा, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, म्हणून मी आज आहे.' त्यांनी मला उठवून शेजारी बसवलं. थकले होते, आवाज बारीक झाला होता. म्हणाले, 'खोटं कशाला बोलू? त्या शुक्रवारी तुझा जबाब घेतला ना, तेव्हा मीही तुलाच चोर धरून चाललो होतो. रात्रभर तसंच वाटत होतं.' आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, 'तेवढं मनावर घेऊ नको.'

हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं.