पिशवी तिच्या हातात होती

तिला ग्रीन कार्ड मिळालं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या ओळखीतल्या लोकांना एवढंच ऐकायचं असतं. "मिळालं ना शेवटी? मग झालं तर," असं म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळतात. मीही मान हलवते. पण ते कार्ड तिला कोणत्या दिवसापर्यंत हवं होतं आणि कोणत्या दिवशी आलं, हे मला पाठ आहे. त्या दोन दिवसांच्या मधे जे गेलं, ते माझ्यामुळे गेलं.

आम्हाला अमेरिकेत ॲन आर्बरला येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली, नवरा इंजिनियर होता. दोघंही रिटायर झालो, मुलं आपापल्या गावी गेली आणि बेसमेंट रिकामं पडलं. तिथे ही मुलगी भाड्याने राहायला आली. सांगलीकडची, विद्यापीठात शिकायला आलेली आणि पुढे इथेच नोकरीला लागलेली. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं, आणि तिच्या सख्ख्या भावांनी तिच्या नवऱ्याला मारून टाकलं होतं. पुढची पाळी तिची होती. आईनं तिला कशीबशी घराबाहेर काढली, ती थेट इथवर पोचली. इथे तिनं असायलम, म्हणजे परत गेल्यास जिवाला धोका म्हणून आश्रय, मागितलं आणि ते मंजूर झालं. महाराष्ट्र मंडळातल्या काहींना ते रुचलं नाही. आपल्या देशाची बदनामी कशाला, असं एकजण माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून म्हणाले. मी त्यांना असं काही सुनावलं की त्यांनी श्रीखंड अर्धं टाकलं. भांडायला मी पटाईत आहे. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हालाही माझा राग येईल.

असायलम मिळाल्यावर एक वर्षानं ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. तिचं वर्ष गणपतीनंतर महिन्याभरात संपत होतं. तिला आईला भेटायचं होतं, पण भारतात पाऊल ठेवायची सोय नव्हती. आईकडे पासपोर्ट नव्हता, आणि काढायला गेली असती तर भावांना संशय आला असता. पण नेपाळला जायला आपल्या माणसाला पासपोर्ट लागत नाही. त्यांच्या तालुक्यातून बायकांची एक यात्रेची बस पशुपतिनाथाला जायची. येत्या चैत्रातल्या बससाठी आईनं नाव देऊन ठेवलं होतं. देवाचं नाव काढल्यावर भाऊ आडवे येणार नव्हते. मुलीनं इथून काठमांडूला जायचं आणि त्याच धर्मशाळेत उतरायचं, असा त्या दोघींचा बेत होता.

"चार दिवस मिळतील, मावशी," ती मला म्हणायची. "मी आईच्या शेजारी झोपणार. बाकी काही बघायचं नाही मला तिथं."

आता फुलांचं सांगते. मला लहानपणापासून सकाळी फिरायला जाताना फुलं तोडायची सवय आहे. आमच्या गल्लीत सगळेच तोडायचे, कंपाउंडवरून हात घालून. देवाला चोरीची फुलं जास्त आवडतात, अशी वर थट्टा. ज्याची तोडली तो दुसऱ्याची तोडायचा, त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नसे. अमेरिकेत आल्यावरही माझी ती सवय गेली नाही. स्वेटरच्या खिशात छोटी कात्री असायचीच. मुलं वैतागायची, "आई, दिस इज सो एम्बॅरसिंग," म्हणायची. मी म्हणायची, एका फुलानं कुणी भिकेला लागत नाही.

आमच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे एका म्हाताऱ्या गृहस्थाची बाग होती. डेलियाची एवढी मोठी फुलं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. गौरी यायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिथे गेलो. ती म्हणाली, "मावशी, विचारून घेऊ या का?" मी म्हटलं, "एवढ्या पहाटे कुणाला उठवतेस? चल." मी कापत गेले, ती कापडी पिशवी उघडून धरत गेली. नऊ-दहा फुलं झाली असतील. वळलो तर फुटपाथजवळ पोलिसांची गाडी उभी. त्या गृहस्थानं पोर्चवर कॅमेरा लावला होता आणि आधी दोन-तीनदा तक्रारही केली होती. आधीची फुलंही माझीच, म्हणजे मीच नेलेली. तो दारात नाइट-ड्रेसवर उभा होता. ती झाडं त्याच्या बायकोनं लावलेली होती, हे मला नंतर कळलं.

पोलीस तरुण होता, नम्रपणे बोलत होता. त्यानं विचारलं, "ही पिशवी कुणाची?"

पिशवी माझी होती. आमच्या नेहमीच्या किराणा दुकानातून मिळालेली. पण ती तिच्या हातात होती, आणि ती लगेच म्हणाली, "माझी." तिच्या घरचं वळणच तसं. मोठ्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावायचं नाही. पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्यात दोन आकृत्या आल्या होत्या, अंधुक. कोण कापतंय ते दिसत नव्हतं. माझा हात खिशात होता आणि कात्री मुठीत.

मी काही बोलले नाही. मंडळातल्या त्या बिचाऱ्याचं श्रीखंड कडू करणारी मी, गप्प उभी राहिले. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं, की चाळीस वर्षं या गावात मान ताठ ठेवून राहिले आणि आता फुलचोर म्हणून नाव होणार. पार्किंगच्या तिकिटासारखं काहीतरी असेल, असंही मी मनाला सांगितलं. पोलिसानं तिच्या नावाचा कागद लिहिला आणि वहीतून फाडून तिच्या हातात दिला. घरी आल्यावर मी गौरी बसवल्या. फुलं त्यानं ठेवून घेतली होती, म्हणून दुकानातून आणली.

नवऱ्यानं कागद वाचला. चोरीचा आरोप होता, किरकोळ, पण फौजदारी. त्यानं चष्मा काढला आणि आमच्याकडे नेहमी म्हणतात तेच म्हणाला, की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. चढावीच लागली तर लवकर उतरावं. "अगं, प्लीड गिल्टी करून टाका, फाइन भरा, विषय संपला. वकील कशाला? वाढवलं की वाढतं." मलाही ते पटलं. पटायलाच हवं होतं. वकील आला असता तर त्यानं पहिला प्रश्न मलाच विचारला असता.

कोर्टात दहा मिनिटं लागली. तुम्ही सिटिझन नसाल तर याचे परिणाम होऊ शकतात, असं जजनं वाचून दाखवलं. मी मागच्या बाकावरून ते ऐकलं. ते सगळ्यांनाच वाचून दाखवतात, असं नवरा हळूच म्हणाला. मग जजनं तिला विचारलं, परवानगीशिवाय ही फुलं तू घेतलीस का? ती "येस" म्हणाली. आम्ही दंड भरला. परत येताना मी तिला गाडीत म्हणाले, "संपलं बघ." तिनं हसून मान हलवली.

महिन्याभरानं ग्रीन कार्डाचा अर्ज भरायला आम्ही वकिलीण गाठली. माझ्या एका जुन्या मैत्रिणीची मुलगी, इथेच जन्मलेली. अर्जात एक प्रश्न होता: तुम्हाला कधी अटक, आरोप किंवा शिक्षा झाली आहे का? मुलीनं सांगितलं. वकिलिणीनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काकू, व्हाय डिडन्ट यू कॉल मी फर्स्ट?"

मग तिनं समजावून सांगितलं. चोरी दहा फुलांची असो की दहा गाड्यांची, इमिग्रेशनच्या कायद्यात तो चारित्र्याला काळिमा लावणारा गुन्हा धरला जातो. किरकोळ आणि एकदाच झालेल्या गुन्ह्याला सूट आहे, आणि असायलमवाल्यांना त्याहून जास्त सवलत मागता येते. त्यामुळे कार्ड बहुतेक मिळेल. पण कोर्टाचे कागद जोडावे लागतील, मुलाखत होईल, वेळ लागेल. लपवायचं तर अजिबात नाही, ते त्या गुन्ह्यापेक्षा वाईट.

"आणि चैत्रात?" मुलीनं विचारलं. "नेपाळ?"

"नो ट्रॅव्हल," वकिलीण म्हणाली. "कार्ड हातात येईपर्यंत नाही. एरवी असायलमवाल्यांना मिळतो त्या ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर मी तुला जाऊ दिलं असतं. आता तू परत येताना एअरपोर्टवर हीच केस निघेल, आणि मग मी काही करू शकणार नाही."

तेव्हा मी तोंड उघडलं. फुलं मी कापली, आधीचीही मीच नेली, मी सिटिझन आहे, मला काय व्हायचं ते होऊ दे, मी लिहून देते, असं सगळं भडाभडा बोलले. उशिरा सुचलेलं शहाणपण. वकिलिणीनं ऐकून घेतलं. मग ती आपल्या मोडक्या मराठीत, बहुधा मला नीट कळावं म्हणून, म्हणाली, "काकू, आता नको. तिनं जजला सांगितलं की मी केलं. आता तुम्ही म्हणता की तिनं नाही केलं. मग ती जजला खोटं बोलली. तिचं असायलम कशावर मिळालं? तिच्या शब्दावर. तिच्याकडे दुसरं काही प्रूफ नव्हतं. तिचा शब्द खोटा पडला तर सगळंच ओपन होईल."

म्हणजे माझं खरं आता तिच्या मुळावर येणार होतं. मुलीनंच ते कुणी तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं, आणि ठरवताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हिवाळ्यात मुलाखतीचं पत्र आलं. वकिलिणीनं प्रश्नांची यादी दिली आणि घरी सराव करा म्हणाली. सराव कोण घेणार? मीच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बाहेर बर्फ पडत असताना, मी ऑफिसर झाले. नाव, गाव, तारखा विचारून झाल्या. मग ते आलंच.

"तू फुलं चोरलीस का?"

"हो, चोरली."

"का?"

"पूजेसाठी. माझी चूक झाली. मला त्याचा पश्चात्ताप होतो. मी पुन्हा असं करणार नाही."

वकिलिणीनं बजावलं होतं, की पश्चात्ताप मनापासून वाटला पाहिजे. म्हणून आम्ही ते आठ-दहा वेळा केलं. सुरुवातीला तिचा आवाज सपाट यायचा. मी म्हणायची, नाही, परत म्हण. मी तिला माझ्या गुन्ह्याचा पश्चात्ताप शिकवत होते आणि ती मन लावून शिकत होती. शेवटच्या वेळी तिचे डोळे भरून आले. मी उठले आणि सिंकपाशी जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

डेट्रॉइटला मुलाखत झाली. ऑफिसर शांत बाई होती, असं ती म्हणाली. निर्णय पोस्टानं कळवू, फाइल अजून तपासायची आहे. आम्ही चैत्राकडे डोळे लावून बसलो. रोज दुपारी ती पोस्टाच्या पेटीपर्यंत जायची आणि जाहिराती घेऊन परत यायची. बस निघायला पंधरा दिवस राहिले तेव्हा तिनं आईला फोन करून सांगितलं, की जमत नाही. मला वाटलं आई नाव काढून घेईल. पण ती गेली. नाव दिलंय तर देवाला जाऊन येते, म्हणाली.

काठमांडूहून आईनं बरोबरच्या बाईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळ होती, आमच्याकडे सकाळ. बारीकशी बाई, डोक्यावर पदर, मागे घंटेचा आवाज. दोघी फार बोलल्या नाहीत. आईनं फोन फिरवून धर्मशाळेतली खोली दाखवली. ओळीनं गाद्या घातल्या होत्या. एका गादीवर हात ठेवून म्हणाली, "ही तुझी असती." मग तिनं मला बोलवायला सांगितलं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून पोर सुखात आहे तिकडं. आज देवाला फुलं वाहिली. तुमच्या नावानंबी वाहिली."

मी नमस्कार केला आणि फोन परत दिला.

त्या पावसाळ्यात आई गेली. ताप आला, चौथ्या दिवशी गेली. मुलीला कळलं तेव्हा आईला जाऊन तीन दिवस झाले होते, कारण भावांनी कळवायचा प्रश्नच नव्हता. शेजारणीनं चोरून फोन केला. तिनं सुट्टी घेतली नाही. कुठे जायला घ्यायची, म्हणाली.

ग्रीन कार्ड दिवाळीच्या आधी आलं. पेटीतून पाकीट घेऊन ती वर आली, टेबलावर ठेवून तिनं ते उघडलं. हिरवट रंगाचं छोटं कार्ड, त्यावर तिचा न हसणारा फोटो. मी ते हातात घेतलं नाही. तिची माफी मागायची मला वर्षभर हिंमत झाली नव्हती, ती तेव्हा मागितली. तुझी आईशी भेट मी घालवली, असं सरळ म्हणाले. आणि हेही म्हणाले, की तुझ्या आईनं माझे आभार मानले, तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं, ते माझ्या जिवाला लागून राहिलंय.

तिनं कार्ड उलटून मागची बाजू पाहिली.

"आईला ठाऊक होतं, मावशी. येत नाही म्हटल्यावर कारण सांगावंच लागलं. तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते."

"मग माझ्या नावानं फुलं...?"

"ते मीपण विचारलं तिला." तिनं कार्ड पाकिटात घातलं आणि पाकीट पर्समध्ये. "म्हणाली, वाहिली त्यांच्या नावानं. आता त्यांना कुणाची तोडायला नकोत."

तिच्या बसची वेळ झाली होती. ती बूट घालून कामावर गेली.