टोपलीतला फोन

भूगोलाच्या बाईंना ‘नाही’ म्हणता येत नसे. विद्यापीठात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणालाच नको असलेली कामं फिरून फिरून त्यांच्याच टेबलावर येत. त्यांचं एक पुस्तक अर्धवट पडलं होतं. नदी पात्र बदलते तेव्हा काठची गावं काय करतात, असा विषय. चौथं प्रकरण सुरू केलं तेव्हा मुलगी शाळेत होती. आता ती नोकरीला लागली, आणि पुस्तक आहे तिथेच. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने यंदा स्पष्ट सांगितलं, सुट्टीपर्यंत थांबू, नंतर नाही.

म्हणून बाईंनी अर्ज केला, की प्राध्यापकांना लिहायला निवांत वेळ आणि जागा मिळावी. कुलगुरू खूश झाले. ग्रंथालयामागची खोली त्यांनी रंगवून दिली, आणि ती चालवायचं काम बाईंच्याच गळ्यात घातलं.

रीत बाईंनी ठरवली. दाराजवळच्या टोपलीत फोन बंद करून टाकायचा, आज काय लिहिणार ते एका वाक्यात सांगायचं, मग चिडीचूप. पण कुणाच्या घरी काही झालं तर? त्यांनी दारावर पाटी लावली, ‘तातडीचं असल्यास बाईंना फोन करा’, आणि खाली स्वतःचा नंबर. तो सगळ्यांनी आपापल्या घरी देऊन ठेवला.

झालं! सगळ्या घरांना सगळंच तातडीचं.

“अहो बाई, ह्यांना विचारा ना, स्कूटरची किल्ली कुठे ठेवलीय?” रसायनाच्या सरांची बायको.

“ते लिहितायत हो.”

“लिहू देत की! किल्लीचं तेवढं विचारा.”

बाई दबक्या पावलांनी आत जात, चिठ्ठी सरकवत, उत्तर घेऊन पुन्हा व्हरांड्यात. बाकीच्यांचं लिखाण मात्र धडाधड पुढे सरकत होतं.

“तू वेळ मागितलास,” नवरा हसत म्हणाला, “आणि मिळाली वेळेची राखण.”

बाईंना हसू आलं नाही. पाटी काढावी तर इतरांचा विरस, ठेवावी तर सुट्टी जवळ येतेय. आणि एक गोष्ट त्या नवऱ्यालाही बोलल्या नाहीत. वही उघडली की फोन वाजावा असंच त्यांना वाटे. वाजला की सुटल्यासारखं होई. मग आपल्याला नक्की काय हवं होतं?

एका सकाळी इतिहासाचे म्हातारे सर दारातच अडले. “बाई, तुमचं वाक्य?”

“माझं?”

“रोज आमची ऐकता. तुमचं कधी ऐकलं नाही.”

“मी... चौथ्या प्रकरणात नदी पात्र बदलते.”

“बरं, मग?”

“मग गावातले लोक...” बाई थांबल्या. “मला आठवत नाही हो.”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सरांनी टोपली पुढे केली. बाईंनी फोन टाकला, पण बंद करायचा राहिला. त्या खुर्चीत बसतात न बसतात तोच टोपली घरघरू लागली. सगळ्यांच्या माना वर झाल्या. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच घरून. बाई अर्ध्या उठल्या.

“बसा,” म्हणत सरांनी फोन उचलला आणि व्हरांड्यात गेले. त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे बोलणं गावभर.

“कोण? किल्ली? कसली किल्ली?”

“फ्रिजवर!” रसायनाचे सर लालबुंद होऊन ओरडले. खोलीची शिस्त पार धुळीला मिळाली. सगळे पोट धरून हसत होते.

त्या हसण्यात बाईंनी एक ओळ लिहिली. नदी लांब गेली, तरी लोक बरीच वर्षं जुन्याच काठावर होड्या बांधत राहिले. ही प्रकरणाची सुरुवात की शेवट? चांगली आहे की नुसतीच आली? खोडावी म्हणून त्यांनी पेन टेकवलं. बाहेर फोन पुन्हा वाजला. बाई दचकल्या, दाराकडे पाहिलं.

“अहो, बाई लिहितायत!” व्हरांड्यातून सरांचा आवाज आला. “उद्या करा!”

खरंच लिहितोय का आपण? बाईंना कळेना. ओळ मात्र त्यांनी खोडली नाही. तिच्याखाली दुसरी सुरू केली.