मावशी नौपाड्यात असताना

आईला दोन दिवस ठाण्यातली चित्रप्रदर्शनं दाखवायची आणि रात्री तिथेच लॉजवर राहायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा भाऊ खो खो हसला. "मानपाड्याहून अर्ध्या तासावरच्या ठाण्याला जाऊन मुक्काम कोण करतं?" लोक काश्मीरला जातात, आम्ही ठाण्याला. पण खरी अडचण वेगळीच होती. आईची थोरली बहीण ठाण्यातच, नौपाड्यात राहते, आणि सख्ख्या बहिणीचं घर असताना लॉजवर उतरणं म्हणजे आमच्याकडे भांडण विकत घेणं.

"मग मावशीकडेच उतरू या," मी म्हटलं.

"नको गं. ती 'तू बस' म्हणते आणि हातात कोथिंबीर देते निवडायला. मग मी ओट्याशीच. एकदा तरी मला कुठेतरी नुसतं राहायचंय."

आई सहसा काही मागत नाही. मी लगेच खोली बुक केली.

प्रदर्शनाच्या वाटेवर नौपाड्यात शिरताना आईने कॉलेजच्या पोरींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळला. मावशीची गल्ली आली तशी ती रिक्षात चक्क वाकून बसली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की रिक्षावाला आरशातून बघायला लागला. पहिल्या प्रदर्शनात एका हिरव्यागार चित्रासमोर तिने विचारलं, "याचा अर्थ काय?"

"तुला वाटेल तो."

"मग मला शेपूची भाजी वाटते," ती ठामपणे म्हणाली. मागे चित्रकार उभा होता. तोही हसला बिचारा.

दुसरं प्रदर्शन रांगोळ्यांचं, एका शाळेच्या हॉलमध्ये. रांगोळी उडू नये म्हणून पंखे बंद, चपला बाहेर, सगळे घामाघूम आणि श्वाससुद्धा बेताने घेणारे. जमिनीवर एका म्हातारीचा चेहरा होता, सुरकुती न् सुरकुती रंगांच्या भुकटीतून काढलेली. आई बघण्यासाठी वाकली आणि तिचं नाक हुळहुळलं. आता आमच्या आईची शिंक म्हणजे साधी गोष्ट नाही. आधी ती सूर लावते. संयोजक दोन्ही हात पसरून धावले. आईने कशीबशी मान फिरवली, पदर तोंडात कोंबला, आणि शिंकली. म्हातारी वाचली.

हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "ही शिंक आमच्याच घरातली!"

मावशी!

"तू इथे? आणि मला फोन नाही? चल घरी. अळूवड्या करू."

त्या 'करू'मधलं कोण काय करणार, हे मला ठाऊक होतं. थोरल्या बहिणीला आईने जन्मात 'नाही' म्हटलेलं नव्हतं. मी एक खणखणीत थाप तयार ठेवली होती, पण आईने माझा हात दाबला.

"ताई, मी येणार नाही. आम्ही लॉजवर उतरलोय. मला दोन दिवस कुणाच्याच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीये. तुझ्यासुद्धा."

मावशीचा चेहरा पडला. झालं, मला वाटलं, आता दिवाळीपर्यंत अबोला. मावशीने त्या रांगोळीतल्या म्हातारीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "खोलीत तिसरी गादी टाकतात का गं?"

आणि आम्ही काही बोलायच्या आत तिने पर्समधून फोन काढून घरी लावला.

"अहो, मी आज येत नाहीये. कुकर तुम्ही लावा."